नोकरी बदलण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा दिवस लिहून काढा

पहिल्यांदा नोकरी बदलली तेव्हा मी घरी एकच प्रश्न विचारला होता, "घेऊ का?" सगळे म्हणाले, "घे." नवरा, थोरली, धाकटा, सासूबाई, सगळ्यांना मनापासून आनंद झाला होता. पगार तीस टक्क्यांनी वाढणार होता, लॅब मोठी होती, हाताखाली चार जण असणार होते. आणि पुढच्या चार महिन्यांत सासूबाईंच्या डोळ्यांतला दाब वाढला.

त्यांना काचबिंदू आहे. सकाळी साडेसहाला आणि रात्री साडेआठला त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे, हे काम माझं. त्यांचा हात थरथरतो. स्वतः घालायला गेल्या की थेंब गालावर ओघळतो. नव्या नोकरीत सकाळपाळीला मी सव्वासहाला घर सोडायची आणि दुपारपाळीला रात्री पावणेअकराला परतायची. रात्रपाळीत तर दोन्ही वेळा हुकायच्या. थेंबांचं काय, हे कोणी विचारलंच नाही, कारण ते एक काम आहे आणि ते कोणीतरी करतंय, हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्याही नव्हतं. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "थेंब चुकतायत का?" सासूबाई लगेच म्हणाल्या, "नाही." मला अपराधी वाटू नये म्हणून त्या खोटं बोलल्या. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आमचं वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं.

मी लॅब टेक्निशियन आहे. ती नोकरी मी चौदा महिने केली आणि मग पुन्हा बदलली. दुसऱ्या वेळी मात्र ऑफर हातात पडल्यावर आधी एक वही आणली. त्या वहीमुळे आमचं घर सावरलं, असं मी अगदी विश्वासाने सांगते. ती कशी लिहायची आणि तिच्यासोबत आणखी काय काय करायचं, ते इथे लिहिते आहे.

वही

घरातल्या प्रत्येकाला दोन पानं द्या. डाव्या पानावर सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतच्या वेळा एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक वेळेसमोर ते माणूस तेव्हा काय करतं ते लिहा. मग ज्या ज्या ओळीत तुमचा हात लागतो, तिच्याखाली रेघ मारा. उजवं पान सध्या कोरं ठेवा.

एक नियम पाळा. ज्याचं पान त्यानेच सांगायचं, दुसऱ्याने त्याच्या वतीने लिहायचं नाही. मी नवऱ्याचं पान स्वतः भरायला बसले होते आणि रविवार सकाळचं बॅडमिंटन लिहिलं होतं. तो म्हणाला, "ते तर मी वर्षभरापूर्वीच सोडलं." माझी दुपारपाळी सुरू झाल्यापासून शनिवारी रात्री सगळं आवरून झोपायला त्याला एक वाजायचा, म्हणून रविवारी सहाला उठणं त्याने बंद केलं होतं. कुठे बोलला नाही, तक्रार केली नाही. एकाच घरात राहून मला ते कळलं नव्हतं.

म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांचं पान सर्वांत अवघड. सासूबाई म्हणाल्या, "माझं काही नाही, मी घरातच असते." त्यावर विसंबू नका. मी एक सुट्टी काढली आणि दिवसभर नुसती त्यांच्याबरोबर राहिले. अकरा गोष्टी निघाल्या. औषधाच्या पाकिटावरचं बारीक नाव वाचून देणं, खिडकीची घट्ट बसलेली कडी काढणं, चार वाजता त्यांच्या बहिणीला फोन लावून देणं. एकेक काम दोन मिनिटांचं, पण ते झालं नाही तर त्यांची दुपार तिथेच अडायची.

धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याचं पान त्याने पेन्सिलीने लिहिलं. सकाळची वीस मिनिटं त्यात होती: मी निघायची तयारी करायची आणि तो दारापाशी उभा राहून मला शब्दांची स्पेलिंग म्हणून दाखवायचा. मी त्याला अभ्यास समजत होते. त्याने लिहिलं होतं, "आईशी बोलणे." थोरलीचं बोलणं दिवे मालवल्यावर सुरू व्हायचं. दिवसा विचारलं तर "काही नाही", आणि अंधारात पाच मिनिटांनी आपणहून, "आई, जागी आहेस?" दुपारपाळीच्या आठवड्यांत मी आले की ती झोपलेली असायची. त्या चौदा महिन्यांत तिच्या शाळेत काय काय झालं ते मला बरंच उशिरा कळलं.

आता उजवं पान. रेघ मारलेल्या प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक लिहा: राहणार, दुसरं कोणी करणार, किंवा थांबणार. "दुसरं कोणी" असेल तर नाव लिहा. "आपण बघू" हे नाव नाही. आणि ज्याचं नाव लिहिलं त्याला नवी नोकरी सुरू होण्याआधीच ते काम शिकवा, तुमच्या डोळ्यांदेखत करायला लावा. थेंब घालणं ऐकायला सोपं वाटतं. पण मान मागे करून खालची पापणी हलकेच ओढायची, एकच थेंब टाकायचा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं दाबून धरायचा, दुसरं औषध असेल तर मध्ये निदान पाच मिनिटं थांबायचं. नवऱ्याने ते पंधरा दिवस माझ्यासमोर केलं, तेव्हा सासूबाईंचा त्याच्या हातावर विश्वास बसला. थोरलीचं नाव राखीव म्हणून घातलं.

"थांबणार" असं जिथे लिहाल, तिथे त्या माणसाला समोर बसवून सांगा. धाकट्याला मी म्हटलं, "सकाळचं बोलणं आता रोज होणार नाही. मंगळवार आणि शुक्रवार पक्के." तो रडला. पण पहिल्या वेळी कोणी काही न सांगता ती वीस मिनिटं गायब झाली होती आणि तो कितीतरी दिवस दारापाशी येऊन उभा राहात होता. ते यापेक्षा फार वाईट होतं.

पगार आणि तास एकाच कागदावर मांडा

ऑफर आली की आपण जुना पगार आणि नवा पगार शेजारी शेजारी लिहितो. त्याच्याखाली घराबाहेरचे तासही लिहा. माझी जुनी नोकरी आठ तासांची होती, जायला पंचवीस मिनिटं, यायला पंचवीस. म्हणजे रोज आठ तास पन्नास मिनिटं. नवी नऊ तासांची, प्रवास एका बाजूने सत्तर मिनिटं. अकरा तास वीस मिनिटं. रोजचे अडीच तास जास्त. महिन्याचे कामाचे दिवस चोवीस धरले तर साठ तास. मिनिटांत मोजलं तर आधी ५३०, नंतर ६८०, म्हणजे अठ्ठावीस टक्के वाढ. पगारवाढ तीस टक्के. एवढी उलथापालथ करून माझ्या तासाचा मोबदला होता तिथेच राहिला होता. हे गणित मी नोकरी लागल्यावर सातव्या महिन्यात केलं. तुम्ही सही करायच्या आधी करा.

वाढलेला पैसा घराला खरोखर हवाच असेल, कर्ज असेल, आजारपण असेल, तर हे गणित उलटं आलं तरी नोकरी घ्यावी लागते. तेव्हाही करा. निदान घरच्यांना कळतं की ते काय देतायत.

प्रवासाची वेळ नकाशावर बघू नका. ज्या पाळीला जायचंय त्या पाळीच्या वेळेला, कामाच्या दिवशी, एकदा जाऊन या. परतीचाही प्रवास करा, कारण रात्रीची वाहनं वेगळी असतात.

मुलाखतीत विचारायचे प्रश्न

आपल्याला शेवटी विचारतात, "तुम्हाला काही विचारायचंय?" आणि संकोचाने आपण "नाही" म्हणतो. मी आता चार गोष्टी विचारतेच. ड्युटीचा तक्ता किती दिवस आधी लागतो? तो तीन दिवस आधी लागणार असेल तर घरात कशाचाच बेत ठरत नाही; महिनाभर आधी लागणार असेल तर रात्रपाळीसुद्धा सांभाळता येते. कामाची वेळ संपल्यावर फोन येतात का, आणि आले तर उचलावेच लागतात का? या जागेवर आधी कोण होतं आणि त्याने ती का सोडली? पहिली रजा केव्हा घेता येते?

पाळ्यांची नोकरी असेल तर आणखी एक. पाळ्या पुढे सरकतात की मागे? सकाळ, दुपार, रात्र असा क्रम शरीराला त्यातल्या त्यात झेपतो, कारण झोप पुढे ढकलणं अलीकडे ओढण्यापेक्षा सोपं असतं. माझ्या त्या नोकरीत क्रम उलटा होता: रात्र, दुपार, सकाळ. दर आठवड्याला झोपेची वेळ मागे खेचायची. मी चिडचिडी झाले ती स्वभावाने, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाची गणना संभाव्य कर्करोगकारक गोष्टींत केली आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तोच निष्कर्ष कायम ठेवला. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. रात्रपाळी कोणीतरी करावीच लागते, रुग्ण रात्रीही येतात. पण किती वर्षं करायची, हे घरात बसून ठरवण्याइतकी ती गोष्ट मोठी आहे.

ज्या ठिकाणी हे प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बदलला, ते ठिकाण मी दुसऱ्या वेळी सोडून दिलं.

एका नोकरीत किती बदल दडलेले असतात

थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येक घटनेला, तिच्यानंतर माणसाला किती जुळवून घ्यावं लागतं त्यानुसार, गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, नोकरीवरून काढलं जाणं ४७. वेगळ्या क्षेत्रात काम सुरू करणं ३६. लग्नासारखी आनंदाची घटनाही त्या यादीत आहे, हे मला फार पटलं. बदल चांगला असला म्हणून शरीराला कमी कष्ट पडतात असं नाही.

मी आपल्या नोकरीबदलाचे गुण मांडले. क्षेत्र तेच होतं, म्हणून ते ३६ धरले नाहीत. जबाबदारी बदलली २९, कामाच्या वेळा बदलल्या २०, आर्थिक स्थिती बदलली ३८ (ती सुधारली तरी धरायची), झोपेच्या सवयी १६, विरंगुळा १९, लोकांत मिसळणं १८, कुटुंबाचं एकत्र जमणं १५. बेरीज १५५. दीडशेच्या वर गेलं की पुढच्या काळात आजारी पडण्याची शक्यता वाढते, असं त्या मोजमापात मानतात. ते भविष्य सांगत नाही, आणि दोन माणसांना एकच घटना सारखी जड जात नाही. माझ्या दृष्टीने त्याचा उपयोग वेगळाच झाला. मी ज्याला "नोकरी बदलली" असं एका दमात म्हणत होते, त्यात सात बदल होते, आणि ते सातही एकाच सोमवारी सुरू झाले होते.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही ठरवलं की ज्या वर्षी नोकरी बदलेल त्या वर्षी घर बदलायचं नाही, मुलांची शाळा बदलायची नाही, नवं कर्ज काढायचं नाही. नवऱ्याला त्याच सुमारास बढतीसाठी परीक्षा द्यायची होती. त्याने ती सहा महिने पुढे ढकलली. हे त्याने केलं म्हणून मला जमलं. दोघांपैकी एकाने स्थिर राहायचं आणि पुढच्या वेळी दुसऱ्याने, असा आमचा शब्द आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून आम्ही दोघांनी खाली सही केली आहे.

मधले दिवस

जुन्या ठिकाणचा शेवटचा पगार कधी आणि नव्या ठिकाणचा पहिला कधी, या दोन तारखा लिहून मधले दिवस मोजा. ते बरेचदा वाटतात त्यापेक्षा जास्त निघतात. आजारपणाचा विमा नोकरीमार्फत असेल तर जुना कोणत्या दिवशी संपतो आणि नवा कोणत्या दिवसापासून लागू होतो, हे लेखी विचारून घ्या. घरात म्हातारं माणूस असेल तर मधल्या एका दिवसाचीही जोखीम नको.

आणि दोन नोकऱ्यांच्या मध्ये शक्य असेल तर आठवडाभर थांबा. मी पहिल्यांदा शनिवारी जुनी लॅब सोडली आणि सोमवारी नव्या लॅबमध्ये उभी राहिले. जुन्या मैत्रिणींचा निरोप नीट घेतला नाही, घरात वेळा कशा बसतात ते पाहिलं नाही. दुसऱ्यांदा नऊ दिवस घेतले. त्यातले चार दिवस आम्ही नव्या वेळापत्रकाची तालीम केली: मी नव्या वेळेला उठले, बॅग घेऊन खरोखर घराबाहेर पडले आणि संध्याकाळी त्या वेळेला परतले. दुसऱ्याच दिवशी कळलं की धाकट्याला शाळेतून आल्यावर कुलूप उघडता येत नाही.

पहिले शंभर दिवस

सुरुवातीचे काही आठवडे छान जातात. नवी माणसं कौतुक करतात, जुने त्रास सुटलेले असतात. मग ओसरतं. वेंडी बॉस्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वरिष्ठ व्यवस्थापकांच्या नोकरीबदलांचा अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं: बदलाच्या आधी समाधान खाली गेलेलं, बदलल्याबरोबर वर चढलेलं आणि मग पुन्हा उतरलेलं. हे ठाऊक असलं की उतरतीच्या दिवसांत "माझी निवडच चुकली" असं लगेच वाटत नाही. घरच्यांनाही आधी सांगून ठेवा. मी नवऱ्याला म्हटलं होतं, "तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी रडेन, तेव्हा मला काही सुचवू नकोस, फक्त ऐक." त्याने तसंच केलं.

घरी आल्यावरची पहिली वीस मिनिटं सांभाळा. रीना रेपेटी यांनी १९८९ मध्ये विमान वाहतूक नियंत्रकांवर अभ्यास केला होता. कामाचा भार जास्त असलेल्या दिवशी ते घरी येऊन गप्प गप्प, अंतर ठेवून राहायचे. मी ते वाचलं तेव्हा मला आमचं दार आठवलं. मी आत येते, मुलं धावत येतात आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यांना वाटायचं मी रागावले आहे. आता मी आल्याबरोबर दोघांना जवळ घेते आणि म्हणते, "मी थकले आहे, तुमच्यावर रागावलेली नाही. वीस मिनिटांनी येते." एवढं एक वाक्य. मग खरोखर विसाव्या मिनिटाला बाहेर येते. ते मिनिट चुकवायचं नाही, मुलं घड्याळ बघत असतात.

कामाच्या जागेवरचं एकटेपण फार जणांना अनपेक्षित असतं. माझी जुनी लॅब सतरा वर्षांची होती. तिथे मी गप्प बसले तरी कोणीतरी विचारायचं, "काय झालं गं?" नव्या ठिकाणी चार महिने मला कोणी असं विचारलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलं की ओळखीच्या माणसाशी जुजबी मैत्री व्हायला सुमारे पन्नास तास एकत्र जावे लागतात, खऱ्या मैत्रीला नव्वद आणि जिवलग व्हायला दोनशेहून जास्त. ते तास भरेपर्यंत माणूस कामावरचं सगळं मन घरी मोकळं करतं आणि तो भार एकट्या जोडीदारावर पडतो. म्हणून जुन्या दोन मैत्रिणींशी आठवड्यातून एकदा बोलायचं मी ठरवून घेतलं. बुधवारी, परतीच्या वाटेवर. नवऱ्याच्या खांद्यावरचं निम्मं ओझं त्याने उतरलं.

जमत नसेल तर

पुन्हा बसायची तारीख आधीच ठरवा. आम्ही दर तीन महिन्यांनी वही उघडतो. डावं पान वाचायचं, उजव्या पानावरचं खरंच झालं का ते बघायचं, आणि प्रत्येकाने एकच सांगायचं: काय परत हवंय. तारीख ठरलेली नसली की हे बोलणं भांडणातच निघतं, आणि मग ते नोकरीबद्दल राहात नाही.

मी ती नोकरी सोडली ती वाईट होती म्हणून नाही. तिथे मी खूप शिकले, आणि ते शिकणं आजही रोज वापरते. पण तिच्या पाचव्या तिमाहीत, दुसरी ऑफर आल्यावर वही घेऊन आम्ही बसलो तेव्हा चौघांनीही एकच मागितलं: तू रात्री घरी हवीस. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त वहीवर हात ठेवला. तिसऱ्या नोकरीत पगार थोडा कमी आहे, दुपारपाळी महिन्यातून सहाच दिवस आणि रात्रपाळी नाही. लॅब लहान आहे आणि काही दिवस मला मोठ्या यंत्रांची आठवण येते. तीही मी माझ्या पानावर लिहिली आहे.

या गोष्टीला आता चार वर्षं होत आली. गेल्या महिन्यात थोरलीने तिच्या पहिल्या नोकरीसाठी ती वही मागून घेतली. आजीच्या पानावर, रात्री साडेआठच्या ओळीत, तिचं नाव होतं. ते खोडून तिने धाकट्याचं नाव लिहिलं आणि त्याला हात धुऊन यायला सांगितलं. मग आजीची मान मागे टेकवून ती म्हणाली, "आधी पापणी. घाई करायची नाही."